आधी स्वल्प, मग पूर्ण

राजाजीनगरातलं वरच्या मजल्यावरचं घर मला देण्याआधी अण्णांनी पगार विचारला नाही, लग्नाचं विचारलं नाही, अंडी खाता का हेही विचारलं नाही. ह्या शहरात घर शोधताना इतक्या लोकांनी माझ्या स्वयंपाकघराची उलटतपासणी घेतली होती की मी उत्तरं पाठच करून आले होते. अण्णांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "नवीन वस्तू घेतली की तिच्याबरोबर पुस्तिका येते. ती तुम्ही वाचता की फेकता?"

"मी ती लिहिते," मी म्हटलं.

ते खरंच होतं. पंप, मीटर असल्या वस्तूंच्या माहितीपुस्तिका लिहिण्याच्या नोकरीसाठी मी पुण्याहून बंगळूरला आले होते. जगात सर्वांत कमी वाचलं जाणारं लिखाण कोणतं, असं कोणी विचारलं तर कवितासंग्रहांच्याही खाली माझा नंबर लागेल. अण्णा मात्र खुर्चीतून उठून उभे राहिले.

"अगं, बाहेर ये!" त्यांनी आत हाक मारली. "पुस्तिका लिहिणारी आलीय. खरंच असतात की गं ही माणसं!"

त्यांच्या पत्नी, अक्का, पदराला हात पुसत बाहेर आल्या. "मग आता काय, ओवाळू तिला?" त्या म्हणाल्या. "बस गं मुली. कॉफी घेतेस ना?"

त्याच दुपारी मला फाटकाशी उभं करून अण्णांनी माझा फोटो काढला. नवा भाडेकरू आला की एक फोटो, घर सोडून निघाला की एक. तो बिघडला तरी पुन्हा दुसरा काढायचा नाही, हा नियम.

"माझे डोळे मिटले असतील तर?" मी विचारलं.

"तर तुम्ही डोळे मिटणाऱ्या आहात," अण्णा म्हणाले. "त्यात कॅमेऱ्याचा काय दोष?"

तो कॅमेरा रोलचा होता. काळा, साबणाच्या डबीएवढा, पुढचं झाकण सरकवलं की जागा होणारा. अक्कांच्या भावाने तो खूप वर्षांपूर्वी सिंगापूरहून आणला होता. त्या काळात हा म्हणे चमत्कार होता: अंतर स्वतः मोजायचा, उजेड स्वतः मोजायचा, अंधार वाटला तर फ्लॅश स्वतः उडवायचा आणि रोल संपला की मोटर लावून स्वतःच गुंडाळायचा. तो गुंडाळण्याचा आवाज अण्णा कानाला लावून ऐकत. "घरी निघाला," असं म्हणत. फ्लॅश नको असेल तर बारीक बटण दाबून तसं सांगावं लागे, पण झाकण लावून पुन्हा उघडलं की कॅमेरा ती सूचना विसरे आणि फ्लॅश उडवायला पुन्हा मोकळा होई. "आमच्या मोठ्या साहेबासारखा आहे," अण्णा म्हणायचे. ते एका सरकारी कारखान्यात तपासनीस होते. तयार मालातला दोष शोधणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. निवृत्तीनंतर ते काम त्यांनी घरी आणलं, असं अक्कांचं म्हणणं.

कॅमेऱ्याच्या पाठीवर तारीख छापायची सोयही होती. फोटोच्या कोपऱ्यात नारिंगी आकडे उमटायचे. पण त्या कॅमेऱ्याचं कॅलेंडर दोन हजार एकोणीस सालापर्यंतच होतं. त्याच्यापुढेही लोक रोल घालतील अशी कारखानदाराची अपेक्षा नसावी. पुढच्या वर्षी सगळं जग घरात कोंडलं गेलं, तेव्हा अण्णा म्हणे अक्कांना म्हणाले, "बघ, जपानवाल्यांना ठाऊक होतं." मग त्यांनी वार जुळतील असं एक जुनं साल शोधून कॅमेऱ्यात घातलं. तेवढ्यावर थांबले नाहीत. त्याच सालाचं जुनं कॅलेंडर माळ्यावरून काढून स्वयंपाकघरात टांगलं. वार जुळत होते, तिथी जुळत नव्हत्या. अक्कांची संकष्टी चुकली, मग एकादशी चुकली, तेव्हा ते कॅलेंडर जिन्याखाली गेलं. कॅमेऱ्यातलं साल मात्र राहिलं. म्हणून फाटकातल्या माझ्या पहिल्या फोटोवर माझ्या जन्माच्या आधीची तारीख आहे. डोळे उघडे आहेत.

अण्णांचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलं. "तुम्ही विमानाने आलात, आम्ही घोड्यावरून," असं ते मला ऐकवायचे, जणू घोडा खाली गॅरेजमध्येच बांधला होता. त्यांची मराठी त्या घोड्याइतकीच जुनी होती आणि तिच्यात कन्नड इतकं मुरलं होतं की कुठे काय संपतं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मी पहिल्यांदा अडखळले ती 'स्वल्प' ह्या शब्दावर.

कॅमेऱ्याच्या खिडकीतून बघितलं की मधोमध दोन छोटे कंस दिसतात. त्या कंसात जे येईल त्याचं अंतर कॅमेरा मोजतो. बटण अर्धं दाबलं की खिडकीच्या कडेला हिरवा दिवा लागतो, म्हणजे अंतर कळलं. दिवा लुकलुकला तर तुम्ही फार जवळ आहात, मागे सरका. दोन माणसं शेजारी उभी असतील तर गंमत होते. कंसात दोघांच्या मधली फट येते, कॅमेरा त्या फटीतून मागची भिंत बघतो आणि भिंतीचा फोटो स्वच्छ काढतो. माणसं दोन्ही बाजूंना धुकं होऊन उभी राहतात. ह्यावर पुस्तिकेत उपाय दिलेला होता आणि तो अण्णांना तोंडपाठ होता. आधी एकाला कंसात घ्यायचं, बटण अर्धं दाबायचं, दाबलेलं बोट तसंच ठेवून कॅमेरा मध्ये वळवायचा आणि मग पूर्ण दाबायचं.

"एकाला कंसमामाच्या ताब्यात द्या," अण्णा मला शिकवत होते. "आता स्वल्प दाबा. स्वल्प, म्हटलं की! सगळं नको. हिरवा आला? सरी. आता इकडे वळा आणि पूर्ण."

इथे दुकानात, रिक्षात, शेजारीपाजारी सरी म्हणजे ठीक आणि स्वल्प म्हणजे थोडं. माझ्या डोक्यात मात्र त्या शब्दाला शाळेपासून 'विराम' चिकटलेला. मी हसले आणि त्यांना सांगितलं की आमच्याकडे स्वल्पविराम असतो, वाक्यात जरासं थांबायची खूण. अण्णांनी कॅमेरा खाली ठेवला.

"म्हणजे पूर्ण दाबलं की पूर्णविराम?"

"हो."

"अय्यो," अण्णा म्हणाले. "तुमचं व्याकरण कॅमेरेवाल्याने लिहिलंय की!"

त्या दिवसानंतर स्वल्प सगळीकडे सुरू झालं. दुधाच्या गॅसला स्वल्प, रागाला स्वल्प, भाजीवालीशी भाव करताना स्वल्प. रविवारी सकाळी अक्का त्यांच्यावर चिडल्या की अण्णा खुर्चीतून बोट वर करून म्हणत, "आधी स्वल्प दाब. एकदम पूर्ण नको." त्यावर अक्का जे म्हणत त्यात विरामचिन्हं नसत.

वर्षभरानंतरची एक गोष्ट. ती घडली तेव्हा मला फक्त हसू आलं होतं. मला चिकपेटला कापडं घ्यायला जायचं होतं. अण्णांनाही तिथल्या एका गल्लीतून कॅमेऱ्याची जाडी बॅटरी आणायची होती. ते म्हणाले, मेट्रो कशाला, स्कूटरवर बसा. मी बसले. हेल्मेटच्या आत त्यांचं बोलणं चालू होतं, आणि आम्ही एका रिक्षाच्या मागे चाललो होतो. ती थांबली की आम्ही थांबायचो, ती वळली की आम्ही वळायचो. बऱ्याच वेळाने रिक्षा थांबली, एक बाई बोचकी घेऊन उतरली, आणि आम्ही यशवंतपूर स्टेशनच्या दारात उभे होतो. चिकपेट बरोबर उलट्या दिशेला.

"अण्णा, हे कुठे आलो?"

अण्णांनी हेल्मेट वर केलं, इकडेतिकडे बघितलं. "सुम्मने," ते म्हणाले. सुम्मने म्हणजे उगाच, सहज. "हवा खायला." मग त्यांनी दुसरी रिक्षा निवडली.

आता मंडळ. इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांना सत्कार फार आवडायचे. स्वतःचा तर आवडायचाच, पण तो रोज करता येत नसल्यामुळे ते इतरांचेही करत. वर्धापनदिनाला शाल, श्रीफळ आणि डोक्याला म्हैसूर पेटा, अशा सोहळ्यात ज्याचं वय साठ ओलांडलंय आणि जो जिना चढून येऊ शकतो, तो सत्कारमूर्ती होई. फोटो अण्णांनीच काढायचे, कारण अध्यक्षांचा एक सिद्धान्त होता. "मोबाइलवरचा फोटो भिंतीवर कोण टांगतो?" ते म्हणायचे. मंडळाच्या भिंतीला त्यामुळे शालींचं कुंपण झालं होतं. अण्णा दरवर्षी कुरकुरायचे. "देणारा कॅमेऱ्याकडे बघतो, घेणारा कॅमेऱ्याकडे बघतो. शाल बिचारी एकटी." पण कुरकुरूनही फोटो मात्र नेमके काढायचे.

त्या वर्षीचा रोल धुऊन आला आणि कार्यकारिणीच्या बैठकीत प्रिंट टेबलावर पसरल्या. मी अहवालाचं शुद्धलेखन तपासायला गेले होते, म्हणून ते दृश्य मला मिळालं. प्रत्येक फोटोत डावीकडे एक धुकट अध्यक्ष, उजवीकडे एक धुकट सत्कारमूर्ती, आणि दोघांच्या मधल्या फटीत, लख्ख, केसन् केस मोजावा इतका स्वच्छ, मागे खुर्चीवर बसलेला उपाध्यक्ष. पहिल्या फोटोत तो घड्याळ बघतोय. पुढच्यात जांभई. मग हनुवटी छातीवर. आणि शेवटच्या फोटोत, अध्यक्ष चिटणिसाकडून स्वतःचीही शाल घेत असताना, मागे उपाध्यक्ष तोंड उघडं टाकून गाढ.

कोणाला तरी हसू फुटलं, आणि मग सगळी खोली हसली. उपाध्यक्षही हसला. अध्यक्ष हसले नाहीत.

"अण्णा, ही थट्टा आहे का मंडळाची?"

अण्णांनी एक प्रिंट उचलली, नाकाजवळ नेली, दूर धरली. मग शांतपणे खाली ठेवली. "कॅमेऱ्याला जे महत्त्वाचं वाटलं ते त्याने घेतलं," ते म्हणाले. "मी काय करू?"

त्या एका वाक्याने अण्णा अख्ख्या राजाजीनगरात गाजले. बाजारात लोक थांबवून म्हणत, काय जागा दाखवलीत अध्यक्षांना! अण्णा मान हलवत. मलाही ते आवडलं होतं. सत्कारांविषयी माझं मत फार चांगलं नव्हतंच. मी पुण्याला फोन करून ती हकिगत रंगवून सांगितली.

मग अक्कांची थोरली बहीण आली. हुबळीला राहणारी, गुडघ्यांमुळे कितीतरी वर्षांत प्रवास न केलेली. पुन्हा येणं होईल न होईल असं दोघी बहिणी आल्यापासूनच बोलत होत्या, आणि तरी दिवसभर हसत होत्या. निघताना अण्णांनी दोघींना मागच्या अंगणात उभं केलं. एकीने दुसरीच्या खांद्यावर हात ठेवला. अण्णांनी कॅमेरा वर केला. एकच फोटो.

तो फोटो धुऊन आला तेव्हा पाकीट मी आणलं होतं. जयनगरात रोल धुणारं एक दुकान अजून आहे, आणि माझं काम तिकडे असलं की मी त्यांची पाकिटं आणायची. जिन्यातच उघडून बघितलं. दोन धुकट म्हाताऱ्या. मध्ये, स्वच्छ, गॅसची लाल टाकी.

मी जिन्यात बसले.

अध्यक्षांची थट्टा अण्णांनी केली असती, ह्यात शंका नाही. पण अक्का आणि त्यांच्या बहिणीची? ह्या माणसाने मला कंसमामा शिकवला होता. दोघांच्या मधली फट ही त्यांच्या दृष्टीने जगातली सर्वांत बाळबोध चूक. ती ते करूच शकत नव्हते. म्हणजे ती थट्टा नव्हतीच, मंडळातलीही नव्हती. त्यांना कंस दिसत नव्हते. हिरवा दिवा दिसत नव्हता. आणि मला ती रिक्षा आठवली, बोचकी घेऊन उतरणारी बाई आठवली. त्या स्कूटरवर मागे मी रोज बसत नव्हते. अक्का बसत होत्या.

अण्णा बाहेर गेलेले बघून मी खाली स्वयंपाकघरात गेले आणि फोटो अक्कांपुढे ठेवला. त्यांनी तो उचलून बघितला.

"टाकी छान आलीय," त्या म्हणाल्या.

"अक्का, अण्णांना दिसत नाहीये."

"ठाऊक आहे गं."

"कधीपासून?"

अक्कांनी तांदळाचं ताट पुढे ओढलं. "हे माणूस लग्नापासून माझ्या स्वयंपाकातले केस शोधतंय. डाळीत केस, भाजीत केस. वर धरून उजेडात बघणार, तुझाच ना विचारणार. कारखान्यात तपासायचे तसं. मागल्या दसऱ्यापासून एकदा बोलले नाहीत. मी म्हटलं, शहाणे झाले. मग एक दिवस माझ्या डोळ्यांदेखत केसासकट घास गेला." त्या तांदूळ निवडत राहिल्या. "त्या दिवशी मला जेवण गेलं नाही."

"मग डॉक्टरकडे का नेलं नाहीत?"

"जातील तर ना. त्यांच्या वडिलांना काचबिंदू झाला होता. हळूहळू सगळं गेलं. शेवटी भिंत धरून चालायचे. ह्यांनी ते बघितलंय. ह्यांना वाटतं आपलंही तेच. तपासायला गेलं की डॉक्टर नाव सांगणार, आणि नाव सांगितलं की संपलं. पूर्णविराम." त्यांनी तो शब्द नीट, माझ्यासारखा उच्चारला. "म्हणून जातच नाहीत. लोकांना वाटलं चावट आहेत, तर वाटू दे. आंधळे वाटले नाहीत म्हणजे झालं."

मला तेव्हा मंडळातली ती नाकाजवळ नेलेली प्रिंट आठवली. आम्ही सगळे हसत होतो आणि त्यांना, आम्ही कशाला हसतोय, तेच दिसत नव्हतं. आधी हसणं ऐकलं, मग वाक्य जुळवलं. मोठ्या सभेत शाल पांघरून बसलेली पुष्कळ माणसं मी बघितली आहेत. आपली भीती इतक्या ऐटीत पांघरणारा हा एकच.

दुसऱ्या दिवशी मी फोटो घेऊन अण्णांकडे गेले. ते व्हरांड्यात कॅमेरा पुसत बसले होते.

"अण्णा, बहिणींचा फोटो बिघडलाय. मध्ये टाकी आलीय."

त्यांनी फडकं खाली ठेवलं. मग म्हणाले, "कॅमेऱ्याचं वय झालं. कंस सरकला असेल."

"असू शकतं," मी म्हटलं. "तपासून बघू या. पुस्तिकेत शेवटी अडचणी आणि उपाय असं पान असतं ना, तसं. रोल संपेपर्यंत कॅमेरा मी वापरते, तुम्ही शिकवलंत तसाच. फोटो धुकट आले तर कॅमेरा बिघडलाय, दुरुस्तीला मी नेईन. स्वच्छ आले तर कॅमेरा ठीक आहे. मग तुम्ही माझ्याबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरकडे यायचं."

आत भांड्यांचा आवाज एकदम थांबला. अण्णांनी झाकण सरकवलं, लावलं, पुन्हा सरकवलं. त्यांना उत्तर माहीत होतं, हे मला माहीत होतं, आणि तेही त्यांना माहीत होतं. पण जन्मभर तपासनीस राहिलेल्या माणसाला चाचणीला नाही कसं म्हणता येईल?

"नियम एकच," ते शेवटी म्हणाले. "एकेकच फोटो. दुसरा नाही."

मी अक्का आणि शेजारच्या काकूंचा काढला. फाटकातल्या दोन रिक्षावाल्यांचा काढला. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याचा आणि त्याच्या बायकोचा काढला. जिथे दोन माणसं शेजारी दिसली तिथे आधी एकाला कंसात धरून स्वल्प, मग पूर्ण. इतकं जपून मी कधी बटण दाबलं नव्हतं. खरं सांगायचं तर प्रत्येक वेळी मनात यायचं, बिघडलेला असू दे. कॅमेराच बिघडलेला असू दे.

पाकीट आणलं ते मी व्हरांड्यात त्यांच्यासमोरच फोडलं. त्यांनी प्रिंट एकेक करून डाव्या डोळ्याजवळ नेल्या. मग माझ्या हातात दिल्या.

"तुम्हीच सांगा, पुणेबाई. कसे आहेत?"

"स्वच्छ आहेत."

"सगळे?"

"इस्त्रीवाल्याच्या शर्टाची घडीसुद्धा दिसतेय."

"खरं सांगताय?"

"अण्णा, मी पुस्तिका लिहिते. तिथे खोटं लिहिलं तर पंप फुटतो."

ते थोडं हसले. मग त्यांनी रस्त्याकडे बघितलं. काय दिसत होतं कोण जाणे. "सरी," ते म्हणाले. "पण रिक्षाने जाऊ. मी स्कूटर चालवत नाही."

एवढं मोठं कबुलीजबाबाचं वाक्य मी त्यांच्या तोंडून पुन्हा कधी ऐकलं नाही.

दवाखान्यात डोळ्यांत थेंब घातले, हनुवटी टेकवून बसवलं, डोळ्यावर हवेची फुंकर मारून दाब मोजणारं यंत्र लावलं. त्या यंत्राची पुस्तिका कोणी लिहिली असेल असं माझ्या मनात येऊन गेलं, आणि ती नीट लिहिलेली असावी अशी मी प्रार्थना केली. अक्का माझ्या शेजारी बसल्या होत्या. पर्स दोन्ही हातांनी धरलेली. तिच्यात कॅमेरा होता, अण्णांनी आत जाताना दिलेला.

डॉक्टर तरुण मुलगी होती. आम्हाला आत बोलावून ती अण्णांशी भराभर कन्नडमध्ये बोलू लागली. माझं कन्नड तोपर्यंत स्वल्प आणि सरीच्या पुढे फारसं गेलं नव्हतं. मला फक्त शेवटचं वाक्य ऐकू आलं, कारण ते म्हणताना ती हसली. "पोरे बंदिदे, अष्टे."

अक्कांनी डोळ्याला पदर लावला.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं. "अण्णा, अष्टे म्हणजे काय?"

अण्णांनी रुमाल काढला. थेंबांमुळे त्यांचे डोळे तसेही वाहत होते, त्यामुळे काही कळायला मार्ग नव्हता.

"पोरे म्हणजे पडदा. मोतीबिंदू," ते म्हणाले. "दाब ठीक आहे. काच नाही, मोती आहे." मग थांबले. जरासंच, स्वल्पविरामाएवढं. "अष्टे म्हणजे एवढंच."

ह्या शहरात मी पुढे बरंच कन्नड शिकले, पण इतका सुंदर शब्द पुन्हा मिळाला नाही. एवढंच. परत येताना रिक्षात अण्णा डॉक्टरणीच्या तक्त्यावरची अक्षरं कशी तिरकी टांगली होती त्यावर बोलत होते, आणि अक्का मध्येच, कोणाशीच नाही, म्हणायच्या, "अष्टे." आणि पुन्हा थोड्या वेळाने, "अष्टे की!"

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा त्यांच्यासमोर योगायोगाने मी उभी होते. त्यांनी मला वरून खाली बघितलं.

"तुम्ही एवढ्या लहान आहात?"

"म्हणजे?"

"मी पन्नाशीच्या समजत होतो. बोलणं तसंच आहे तुमचं."

डॉक्टरणीने काही आठवडे कॅमेरा डोळ्याला लावायचा नाही असं बजावलं होतं. तिने थेंबांचा कागद दिला होता तो अण्णांनी पुस्तिकेसारखा पाठ केला. मंडळाच्या अध्यक्षांना ऑपरेशनचं कळलं तेव्हा ते फळं घेऊन आले. काही वेळ इकडचं तिकडचं बोलून त्यांनी विचारलं, "म्हणजे अण्णा, तेव्हा ते फोटो... दिसत नव्हतं म्हणून?"

"छे," अण्णा काळ्या चष्म्याआडून म्हणाले. "तेव्हा मला सगळं दिसत होतं."

आणि अध्यक्ष, ज्यांना आपली थट्टा झाली की तो अपघात होता ह्यातलं काय बरं हे ठरवता येईना, त्यांनी एक सफरचंद स्वतःच खाल्लं.

मी ते घर सोडून आता जयनगरात राहते. अण्णांकडे महिन्यातून एकदा जेवायला जाते. ह्या सगळ्याची आठवण झाली की मला तक्ता आठवत नाही, पट्टी आठवत नाही. आठवतं ते पट्टीनंतर काही आठवड्यांनंतरचं एक जेवण. मी तेव्हा वरच राहत होते. रविवार होता. अण्णा, मी आणि अक्का. शेवटी दहीभात वाढला होता. अण्णांनी घास उचलला आणि तोंडाशी नेता नेता थांबवला.

"अगं," ते म्हणाले. "केस."

अक्का लोणच्याची बरणी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ती हळूच खाली ठेवली.

"कुठे?"

"हा काय." त्यांनी तो दोन बोटांनी भातातून ओढून काढला आणि खिडकीच्या उजेडात वर धरला. "तुझाच ना?"

अक्का वाकून बघू लागल्या. मीही बघितलं. मला आधी काहीच दिसेना. मग उजेडात एक बारीक रेघ चमकली.

"पांढरा आहे," अक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज फार लहान झाला होता. "दहीभातात पांढरा केस. दिसला तुम्हाला?"

"न दिसायला काय झालं? केवढा लांब आहे! डोक्याला फडकं बांधून स्वयंपाक करावा, लाख वेळा सांगितलं..."

पण अक्का हसायला लागल्या होत्या. आधी तोंडावर पदर धरून, मग तो सोडून, मग टेबलाला धरून. अण्णा रागावून बघत होते, आणि मग त्यांनाही कळलं की ते काय बोलून गेलेत. ते तटकन उठले, हात धुतला आणि कपाटातून कॅमेरा आणला.

"धर तो केस. वर धर. हलू नको."

"अहो, काहीतरीच काय!"

"पुरावा पाहिजे. धर."

त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि अक्कांच्या अगदी जवळ गेले. बोट अर्धं दाबलं. आणि तसेच उभे राहिले.

"लुकलुकतोय," ते म्हणाले.

कोणी काही विचारलं नव्हतं.

"हिरवा. लुकलुकतोय," ते पुन्हा म्हणाले, स्वतःशीच. "फार जवळ आलो." मग एक पाऊल मागे, आणखी एक पाऊल मागे, ताटाला धक्का लागला तरी मागे. "आता थांबला." आणि मग पूर्ण.

तो फोटो मीच धुऊन आणला. केस त्यात आलेला नाही. एवढं बारीक त्या कॅमेऱ्याला दिसत नाही. दोन बोटं वर धरून, कशालाच न धरता, अक्का हसताहेत. डोळे मिटलेले आहेत. बाकी इतकं स्वच्छ की पदरावरचे दह्याचे थेंबसुद्धा मोजता येतात.

"डोळे मिटलेत की," मी म्हटलं. "दुसरा काढायचा होता."

"कशाला?" अण्णा म्हणाले. "ती हसली की मिटतेच."